‘यात शेंगदाणा नाही ना?’ एवढं विचारून भागत नाही

वादाला तोंड फोडलं नानांनी. रविवारी सगळ्यांनी बाहेर जेवायचं ठरत होतं आणि मी नेहमीसारखा म्हणालो, "तुम्ही जेवून घ्या, मी नंतर येतो." मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

"अरे, दाणे नसलेलं काहीतरी मागव की! वेटरला विचारायचं, विषय संपला."

"विचारलं होतं, नाना. गेल्या वर्षी."

ती गोष्ट मी कुणाला नीट सांगितलीच नव्हती. वेटर ‘नाही साहेब’ म्हणाला होता आणि तो खोटं बोलत नव्हता. त्या पदार्थात दाणे पडतच नाहीत. तिसऱ्या घासाला ओठ चुरचुरले, मग पोटात ढवळून आलं, आणि बिल मागताना लक्षात आलं की माझा आवाज घोगरा झालाय.

अण्णांनी बारा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली आहेत. ते लगेच म्हणाले, "कढई. गर्दीच्या वेळी तेल एकच, झारा एकच, फडकंही एकच. आधीचा घाणा दाण्याचा असेल तर तुझा गेला त्याच तेलात. वेटर तुला मेनूकार्ड बघून सांगतो. कढईचं त्याला काय माहीत?"

"पण एवढ्या उकळत्या तेलात काय शिल्लक राहणार?" नाना हटेनात.

"जंतू मरतात, नाना. हे प्रथिन आहे," ताई म्हणाली. ती नर्स आहे. "तळून, भाजून ते जात नाही. हाताला सॅनिटायझर चोळला तरी जात नाही, साबण-पाणीच लागतं."

मास्तरांचं म्हणणं, ही सगळी जबाबदारी हॉटेलवाल्याची. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांनाही १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते, तसं सगळीकडे हवं. मलाही ते पटतं. पण कायदा पदार्थात काय घातलं ते सांगायला लावतो. झाऱ्याला काय चिकटलंय ते आचाऱ्यालाच विचारावं लागतं.

मग अण्णांनी जे सांगितलं ते ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो. "‘दाणे नको’ असं आत आलं की आम्हाला वाटायचं, आवडत नसतील. तयार ताटावरचे दाणे वेचून तेच ताट बाहेर पाठवायचं. मी स्वतः केलंय. ‘नको’ म्हणूच नकोस. ‘ॲलर्जी आहे, जिवावर बेतेल’ असं म्हण. आणि चिठ्ठीवर लिहून ती आत पाठव. आचारी म्हणाला ‘खात्री देता येत नाही’, तर त्याचे आभार मान आणि ऊठ. खरं बोलणारा माणूस आहे तो."

"आणि आवाज बसल्यावर तू केलंस काय?" ताईनं विचारलं.

"ॲलर्जीची गोळी घेतली. टेबलावर तमाशा नको म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसलो."

ताई चिडली. "एकटा? आत कोसळला असतास तर कळलं असतं कुणाला? गोळीनं खाज कमी होते, सुजलेला घसा उघडत नाही. आवाज बदलला म्हणजे आधी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मग ॲम्ब्युलन्स. पाय उंच करून आडवं राहायचं, दम लागत असेल तर बसायचं. उठून चालायचं नाही. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जायचंच. काही तासांनी त्रास उलटू शकतो."

"आम्हाला का नाही सांगितलंस?" नानांचा आवाज एकदम खाली आला.

काय सांगणार? मी वेटरशी बोलत असतो तेव्हा अख्खं टेबल ताटकळतं. कुणीतरी मोबाइल काढतं, कुणी ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणतं. त्या अवघडलेपणापायी मी प्रश्न अर्ध्यावर सोडून दिलेत. माझ्या जिवाला खरा धोका तिथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

इंजेक्शनची दोन पेनं माझ्या पिशवीत कायम असतात, सरावाचं बिनसुईचं तिसरं. ते ताईनं नानांच्या हातात दिलं. नानांनी अंगठा टोकावर ठेवला.

"तसं नाही. उलटं धरलं गेलं तर सुई अंगठ्यात जाईल. मूठ आवळा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. कपड्यावरून चालतं. दाबा, आणि पेनावर लिहिलेत तेवढे सेकंद धरून ठेवा."

नानांनी तीनदा केलं. मग मास्तरांनी मागून घेतलं.

"हॉटेलला फोन मी करतो," अण्णा म्हणाले. "गर्दी नसताना. आणि थेट आचाऱ्याशी बोलतो."