फियाट परत आणायची म्हणजे नेमकं काय आणायचं?

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आपली जुनी फियाट, गेली ती ऑक्टोबर 2023च्या अखेरीस. शेवटची गाडी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली, टॅक्सीची वयोमर्यादा 20 वर्षं, त्यामुळे तारीख आधीच ठरलेली होती. तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक चित्र येतं: गोल दिवे, चकचकीत जाळी, काळं अंग, पिवळं टप आणि खाली ‘इलेक्ट्रिक पद्मिनी, हवी की नको?’ लगेच दोन तट पडतात. बाहेरदेशी राहणारे आम्ही सगळे ‘हवी’वाले. मुंबईतले बहुतेक ‘नको’वाले, आणि त्यांचं म्हणणं ठरलेलं: तुम्हाला लंडनात बसून काय जातंय, मे महिन्यात त्या गाडीत घामाघूम आम्ही व्हायचो.

टोमणा रास्त आहे. शिवाय ती गाडी चालवणाऱ्याला कोणी विचारतच नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, इंजिनाची धग पायाशी, आणि उत्पादन 2000च्या सुमारास थांबल्यावर सुटे भाग शोधत फिरायचं. टॅक्सीवाल्यांनी सॅन्ट्रो आणि वॅगनआर घेतली ती आनंदानं घेतली. त्यांच्यापैकी कोणी पद्मिनीसाठी अश्रू ढाळले असतील तर ते कॅमेरा समोर होता म्हणून, असा माझा संशय आहे.

तरीही ‘ऐसपैस’ हा शब्द त्या गाडीला चिकटला आहे आणि तो उगाच चिकटलेला नाही. गंमत अशी की गाडी मुळात मोठी नव्हतीच. ती इटलीतल्या फियाट 1100ची कुर्ल्यात तयार झालेली बहीण; पद्मिनी हे नाव पडल्यावरही निम्मी मुंबई तिला फियाटच म्हणायची. रुंदी दीड मीटरपेक्षाही कमी, आजच्या वॅगनआरहून अरुंद. मग जागा कुठून यायची? गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढचं सीट बाकासारखं सलग. सीट उंच, पाठ सरळ, म्हणून साडी नेसलेली बाई चढताना वाकून दुमडत नसे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टपावरचं कॅरिअर. दादर स्टेशनबाहेर ड्रायव्हर एक पाय दाराच्या उंबऱ्यावर ठेवून वर चढायचा, होल्डॉल आणि ट्रंक आडव्या लावायचा, सुतळीचा फास मारायचा, दोरी हातानं ताणून बघायचा आणि मग मीटर पाडायचा. परमिट चौघांचं, आत बसलेली मुलं कोणी मोजत नसे. (मोजायला हवी होती, हेही खरं.)

सीएनजी आलं आणि सिलिंडरनं डिकी गिळली. फियाटला त्याचं फारसं काही वाटलं नाही, सामान वर होतंच. नंतरच्या छोट्या गाड्यांत मात्र डिकीत सिलिंडर आणि टपावर बऱ्याचदा काहीच नाही. दोन मोठ्या बॅगा असल्या की एक मांडीवर येते. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही, म्हणजे सामानासकट निघालेल्या माणसाला टॅक्सीखेरीज गती नाही, आणि तीच टॅक्सी सामानाला जागा देत नाही.

आता मी राहते तिथलं सांगते. लंडनची काळी कॅब जुन्या वळणाची दिसते म्हणून परदेशी पाहुणे तिचे फोटो काढतात. पण एफएक्स-4 हे तिचं प्रसिद्ध मॉडेल 1958 ते 1997 एवढा काळ टिकलं ते इंग्रजांच्या हळवेपणामुळे नव्हे. इथे टॅक्सी कशी असावी याची नियमावली आहे. गाडी 25 फुटांच्या वर्तुळात वळली पाहिजे, ही अट 1906पासूनची. सन 2000पासून प्रत्येक कॅबमध्ये व्हीलचेअर चढलीच पाहिजे. 2018पासून नव्यानं परवाना मिळणारी कॅब काही अंतर तरी धूर न सोडता चालली पाहिजे. या अटी पाळत गाडी बनवली की ती आपोआप उंच, चौकोनी आणि आत मोकळी होते. आजची टीएक्स बॅटरीवर चालते, मदतीला छोटं पेट्रोल इंजिन आहे, ती कॉव्हेंट्रीजवळ बनते आणि कंपनीची मालकी गीली या चिनी उद्योगाकडे आहे. मालक चिनी झाला तरी गाडी लंडनचीच राहिली, कारण तिचं लंडनपण नियमावलीत होतं.

आई गेल्या खेपेला आली तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यामुळे वॉकर घेऊनच चालत होती. ड्रायव्हरनं दार काटकोनात उघडलं, तळातून उताराची फळी ओढून फुटपाथला टेकवली, समोरची घडीची सीटं मिटलेलीच होती. आई वॉकरसकट आत गेली, मागच्या सीटवर टेकली आणि म्हणाली, “अगं, आपली फियाट अशीच होती.” अशी मुळीच नव्हती. फियाटमध्ये वॉकर टपावर गेला असता आणि आईला दोघांनी धरून बसवावं लागलं असतं. पण तिला काय आठवलं ते मला कळलं: आपण बसेपर्यंत गाडी थांबते, आपल्याला घाई करत नाही.

म्हणून ‘हवी’वाल्यांशीही माझं पटत नाही. चित्रातली इलेक्ट्रिक पद्मिनी म्हणजे आजच्या गाडीला जुना मुखवटा. अँबॅसिडरचंही तेच चाललंय. उत्तरपाड्याचा कारखाना 2014मध्ये थांबला, नाव 2017मध्ये 80 कोटींना प्यूजोच्या मालकांकडे गेलं, आणि तेव्हापासून ‘अँबी परत येणार’च्या बातम्या येतात, सोबत कोणीतरी संगणकावर काढलेली देखणी गाडी. त्या चित्रात डिकी कधी उघडी दाखवत नाहीत. याउलट बेस्टची डबलडेकर बघा. जुन्या डिझेल बस सप्टेंबर 2023मध्ये गेल्या, पण त्याआधीच फेब्रुवारीत वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर धावू लागली होती. ती जुनीसारखी दिसत नाही, तरी तिला डबलडेकर म्हणायला कोणाची जीभ अडखळत नाही. वरचा मजला आहे ना!

मुंबईला करायचं तर तसं करता येईल. बॅटरी तळाशी, म्हणजे डिकी मोकळी. सीटची उंची ठरवा, दार किती उघडावं ते ठरवा, घडीची व्हीलचेअर आणि दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी मावल्या पाहिजेत असं नियमावलीत लिहा, मग गाडी कोणीही बनवो. एकाच कंपनीची एकच गाडी मात्र लादू नये. न्यू यॉर्कनं चेकर ही तिथली जुनी टॅक्सी गेल्यावर काही वर्षांनी तो प्रयोग केला, 2011मध्ये निस्सानची एक व्हॅन ‘उद्याची टॅक्सी’ म्हणून निवडली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 2018मध्ये सक्ती मागे घेतली.

लंडनचं कौतुक इथेच थांबवते, कारण बिल दाखवायचं राहिलं. टीएक्स बाजारात आली तेव्हाच तिची किंमत 55 हजार पौंडांच्या वर होती, अनुदान धरूनही ड्रायव्हरच्या डोक्यावर वर्षानुवर्षांचे हप्ते. दहा-बारा वर्षांपूर्वी शहरात सुमारे 22 हजार काळ्या कॅब होत्या, आता 15 हजारांहून कमी आहेत. ॲपवरच्या टॅक्सीवाल्याला वळणाची आणि व्हीलचेअरची बंधनं नाहीत, तो स्वस्तात नेतो. भाडंही असं की माझ्या ओळखीचे बहुतेक जण कॅबमध्ये बसतात ते आईवडील भारतातून आल्यावरच.

मुंबईत असा बोजा टॅक्सीवाल्यावर टाकला तर तो परमिट विकून गावी जाईल. परमिट शुल्क माफ करा, कर्जाचं व्याज सरकारनं उचलावं, आणि विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक फेरीवर अधिभार लावा. डिसेंबरात दोन-दोन बोजड बॅगा घेऊन उतरणारे आम्ही तो मुकाट्यानं देऊ. घरी जाऊन गाडीचा फोटोही टाकू. दादरहून केईएमला प्लास्टरमधला पाय घेऊन निघालेल्या बाईकडून मात्र एक रुपयाही जास्त घेऊ नका.