कार्ट्रिज बसवा, डोळे मिटून

कार्ट्रिज म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची सुई धरणारा इवलासा डबा. सर्वात आधी सुईवरचं प्लास्टिकचं झाकण काढून टाका. अगदी बारीक दांडी, तिच्या टोकाला हिऱ्याचा कण. एवढा ऐवज झाकून ठेवला तर शर्टाच्या बाहीला सापडणार कसा?

मग चार तारा. लाल उजव्या चॅनलची, हिरवी तिचं ग्राउंड, पांढरी डाव्याची, निळी तिचं ग्राउंड. रंगसंगती आवडली नाही तर बदला. लाल-हिरवीची अदलाबदल झाली की उजव्या चॅनलची फेज उलटते, म्हणजे एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, खर्ज पातळ होतो आणि दोन स्पीकरांच्या मधोमध उभा असलेला गायक कुठेतरी निघून जातो. त्यालाही थोडं फिरायला नको का?

आता प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईचा कोन जुळवायची रेघांची पट्टी. मूळ तबकडी कोरणारी सुई सरळ रेषेत सरकते. आपला टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, बिजागरीवरच्या दारासारखा कमानीत फिरतो. त्यामुळे सुई तबकडीच्या खाचेशी अगदी सरळ येते ती दोनच ठिकाणी. ती कुठली असावीत यावर लॉफग्रेनने १९३८ साली गणित मांडलं, १९४१ मध्ये बेअरवाल्डने मांडलं, १९६६ मध्ये स्टीव्हन्सनने. बेअरवाल्डची ठिकाणं केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर, स्टीव्हन्सनची ६०.३ आणि ११७.४ वर. तुम्ही एक याचं घ्या, एक त्याचं. उगाच कोणी दुखावायला नको.

प्रोट्रॅक्टरवरची रेषा जुळवायची ती कार्ट्रिजच्या डब्याशी. सुईची दांडी डब्यात किंचित तिरकी बसलेली असू शकते आणि खाचेत उतरते ती तीच, पण ती बघायची तर भिंग लागतं. मी बघितलं एकदा. तोंडात टॉर्च, एका डोळ्याला भिंग, श्वास रोखलेला, जुळलं! स्क्रूला शेवटचा पाव फेरा दिला आणि डबा अलगद वळला, झोपेत कूस बदलावी तसा. अकरा वेळा. बाराव्यांदा मी त्याला झोपू दिलं.

सुई तबकडीवर जे वजन टाकते त्याबाबत मात्र दया दाखवा. कार्ट्रिजच्या कागदावर २ ग्रॅम लिहिलं असेल तर १ ठेवा. हलकी सुई खाचेत टिकत नाही, उसळून भिंतींवर आदळते आणि थोड्या जड सुईपेक्षा तबकडीची जास्त नासधूस करते. पण तुमचा हेतू चांगला होता, हे तबकडीला कळतं.

इतकं करूनही शेवटच्या गाण्यात, केंद्राजवळ, गायिकेचा प्रत्येक ‘स’ कढईत पाणी पडल्यासारखा चरचरत असेल, तर घाबरू नका. त्याच्या आधीच्या गाण्यालाच उठून बाजू पलटा.