आंब्याच्या कोयी वाळवून रस्त्याकडेला टाकू नका

मे महिना संपत आला की एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरू लागतो. आशय असा: आंबा, फणस, जांभूळ, चिंच, सीताफळ यांच्या बिया कचऱ्यात टाकू नका. धुवा, उन्हात वाळवा, पिशवीत भरून गाडीत ठेवा आणि पावसाळ्यात प्रवासाला निघालात की रस्त्याच्या कडेला, डोंगरावर, मोकळ्या माळावर फेका. बी आपोआप रुजेल, जंगल वाढेल, पक्ष्यांना फळं मिळतील. शेवटी एक ओळ हमखास असते: घरात झाडं लावायला जागा नसली तरी निसर्गासाठी एवढं करता येईल.

मेसेज पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. कित्येक घरांत गच्चीवर कोयी वाळत पडतात त्या या कळकळीपोटीच. म्हणून त्यातली एकेक ओळ तपासायला हवी, कारण या कष्टांतून झाड उगवण्याची शक्यता पहिल्याच पायरीला संपते.

‘बिया उन्हात चांगल्या वाळवा.’ आंबा, फणस आणि जांभूळ यांची बी वाळली की मरते. ज्वारी-बाजरीचं बी वाळवून वर्षभर ठेवता येतं, तसं हे बी नाही. त्यात ओलावा भरपूर असतो आणि तो एका मर्यादेखाली गेला की आतला अंकुर जगत नाही. यामागे पावसाचं गणित आहे. जांभूळ पिकतं जूनच्या आसपास, फणस आणि आंबा उन्हाळ्याच्या शेवटी. फळ गळतं तेव्हा पाऊस दारात असतो, त्यामुळे बीला वाट पाहण्याची गरजच नसते. ओल्या पाचोळ्यात पडायचं आणि लगेच रुजायचं, एवढंच तिला ठाऊक आहे. करवंद आणि कढीपत्ता यांच्या बियाही शिळ्या झाल्या की फार थोड्या उगवतात.

तेव्हा या झाडांसाठी कृती उलटी आहे. गर धुऊन टाका, बी सावलीत फक्त वरचं पाणी निथळेपर्यंत ठेवा आणि लगेच पेरा. जांभळाचं बी फार तर दोन आठवड्यांत मातीत जायला हवं, फणसाची आठळी त्याहून लवकर. आंब्याची कोय असेल तर तिच्या कडेचा टणक भाग छाटणीच्या कात्रीने कापून कवच उघडा आणि आतली बी बाहेर काढा. कवचासकट लावली तर रोप वेडंवाकडं येतं, आणि बी आतूनच किडलेली असेल तर ते कळतही नाही. बाकदार फुगीर बाजू वर ठेवून 2–3 सेंमी खोल लावा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर येतो.

बहावा, चिंच, बोर यांची गोष्ट वेगळी. त्यांचं बी वाळवून टिकतं, पण आवरण इतकं कठीण असतं की पाणी आत शिरत नाही. रानात बहाव्याच्या शेंगा अस्वल, कोल्हे, माकडं खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बीचं आवरण झिजतं. घरी हे काम नेलकटर करतो. बीच्या कडेला बारीक चीर द्या, टोकाकडचा अंकुर दुखवू नका, मग 24 तास पाण्यात ठेवा. जी फुगली ती पेरा, जी फुगली नाही तिला पुन्हा चीर द्या. बोराची आठळी हळूच फोडून आतलं बी घ्यावं लागतं.

‘रस्त्याच्या कडेला, मोकळ्या माळावर फेका.’ उघड्यावर पडलेलं बी आधी मुंग्या, उंदीर आणि खारींना सापडतं. त्यातून जे उगवेल त्याच्यापुढे ऑक्टोबर ते मे असे आठ कोरडे महिने असतात. चार महिन्यांच्या पावसात मूळ जेवढं खाली गेलं तेवढ्यावर ते काढायचे असतात. रस्त्याकडेला त्यात गवतकापणी, वणवा, गुरं आणि रुंदीकरण यांची भर पडते.

माळ ‘मोकळा’ नसतो, हे त्याहून महत्त्वाचं. माळटिटवी, धाविक आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तणमोर, माळढोक, लांडगा, खोकड यांना गवताळ माळच लागतो. अशा जागी झाडं उभी राहिली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीची जागा मिळते आणि जमिनीवरची पिल्लं त्यांच्या नजरेत येतात. सड्यांचं, म्हणजे सपाट कातळी पठारांचंही तसंच. 2012 साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं कास असो की रत्नागिरी-राजापूरचे सडे, तिथे जांभ्या दगडावर किंवा कातळावर मातीचा थर काही इंचांचा. त्यावर पावसाळ्यात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. त्यांना ऊन हवं असतं आणि झाडाची सावली त्यांना मारते. सडा आधीच भरलेला आहे. तिथे जंगल ‘वाढवायला’ जाऊ नये, ही आमची ठाम विनंती.

मातीच्या गोळ्यात बी घालून फेकण्याचा प्रकार याच मेसेजचा धाकटा भाऊ. चिकणमाती जास्त झाली की गोळा विटेसारखा वाळतो, आणि जांभळाचं बी गोळा वाळेपर्यंत मेलेलं असतं.

‘कोणत्याही फळाची बी चालेल.’ सीताफळ, पेरू, पपई, चिकू ही अमेरिका खंडातून आलेली झाडं आहेत, चिंच आफ्रिकेतली. शेकडो वर्षं आपल्याकडे असल्यामुळे ती देशी वाटतात. परसात ती जरूर असावीत. सीताफळाच्या पानांवर तर टेल्ड जे या हिरव्या-काळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात, म्हणजे परकं झाड प्रत्येक वेळी निरुपयोगी असतं असंही नाही. पण रानात काय सोडायचं याचा निकष वेगळा हवा. घाणेरी बागेतलं फुलझाड म्हणूनच भारतात आली. बुलबुलांनी फळं खाल्ली, बिया पसरल्या आणि आज जंगलंच्या जंगलं तिने व्यापली आहेत. सुबाभळीची लागवड तर चाऱ्या-सरपणासाठी आपण स्वतः केली. पक्ष्यांनी फळ खाल्लं म्हणजे झाड तिथलं झालं, असं होत नाही.

‘फळं आली की पक्ष्यांची सोय झाली.’ मेसेजमधली सगळ्यात पटणारी आणि सगळ्यात अर्धवट ओळ हीच. चिमणी दाणे खाते, पण पिल्लाला अळ्या आणि कीटक भरवते. बुलबुल, दयाळ, शिंपी यांचंही तेच. फुलातला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांसाठी कोळी आणि बारीक किडे टिपतो. पिल्लं वाढवायची तर परिसरात अळ्या हव्यात, आणि अळ्या हव्यात तर त्यांना खाता येतील अशी पानं हवीत.

बहुतेक अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात. प्रत्येक वनस्पती पानांत आपापली विषं आणि उग्र रसायनं साठवते आणि त्या त्या जातीच्या अळीला पिढ्यान् पिढ्या त्यांचीच सवय झालेली असते. म्हणून नर्सरीतल्या पेट्युनियावर फुलपाखरू मध प्यायला येतं, अंडी मात्र दुसरीकडे घालतं. जवळपास तशी जागा नसली तर पुढची पिढी नाही. चुकीचं झाड तर सापळाही ठरतं. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराची मादी बागेतल्या परदेशी ‘डचमन्स पाइप’ वेलीवर अंडी घालते, कारण ती तिच्या मूळ वेलीच्या कुळातली आहे. अळ्या ती पानं खाऊन मरतात.

‘घरात जागा नसेल तर निदान बिया फेका.’ इथे मेसेज घराला फार कमी लेखतो. चार-पाच तास ऊन येणाऱ्या बाल्कनीत चार कुंड्या ठेवल्या तर फुलपाखरांची पिढी वाढू शकते.

कढीपत्ता आणि कागदी लिंबू ही सुरुवात. दोन्हींवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं अंडी घालतात. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर, एकेकटं अंडं दिसेल. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. ती चावत नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. हिरवी झाल्यावर अळी सपाटून खाते, आणि हातभर उंचीचं एकच रोप असेल तर ते उघडंबोडकं होऊन अळ्या उपाशी मरतात. म्हणून किमान तीन रोपं ठेवा. अळी हलवायची झाली तर बोटांनी उचलू नका, ती बसलेलं पान कापून दुसऱ्या रोपाला टेकवा. पानं गेलेला कढीपत्ता नियमित पाणी आणि मूठभर शेणखत मिळालं की पुन्हा फुटतो.

घरोघरी असलेल्या तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी येते. पुढच्या भागावर निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके, शेपटाशी छोटं शिंग. ती पाहून लोक अख्खं झाड औषधाने धुतात. ती एका मोठ्या, देखण्या हिरव्या पतंगाची अळी आहे. तगर काही दिवसांत सावरते.

कोरांटीवर लेमन पॅन्सी वाढतं. जूनमध्ये 15 सेंमीचा फाटा लावला तरी ती जगते. रुईवर प्लेन टायगर येतं. रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे, लहान मुलं असतील तर हे झाड टाळा. कुंडीत आपोआप उगवणारी घोळ उपटू नका, डॅनाइड एगफ्लाय या फुलपाखराची मादी तिच्यावर अंडी घालते. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, निम्म्या फुलू द्या; सातेरी, फुलोरी आणि पोयाच्या मधमाश्या त्यावर येतात.

झुडपांना 14 इंची कुंडी हवी. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. रुई आणि कोरांटीला वाळू दुप्पट. अशी कुंडी ओली झाली की 25–30 किलो भरते, ती कठड्यावर कधीही ठेवू नका.

हे सगळं करून अळ्या मरत असतील तर पहिला संशय नर्सरीतल्या औषधावर घ्या. मुळांतून पानात भिनणारी कीटकनाशकं पाण्याने धुऊन जात नाहीत, लाकडी खोडाच्या रोपात ती महिनोन् महिने राहू शकतात. फवारणीबद्दल विचारून रोप घ्या किंवा ताज्या बीपासून स्वतः वाढवा. दुसरा संशय कडुनिंबाच्या तेलावर. ते सेंद्रिय आहे हे खरं, पण अळीची कात टाकण्याची क्रिया तेच रोखतं. पिठ्या ढेकूण झाला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने तेवढीच फांदी पुसा. एखाद्या कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या तर काही चुकलेलं नाही, त्याही याच साखळीतल्या आहेत.

आणि जांभळाची बी हातात आलीच असेल तर? 5 × 7 इंचांच्या पिशवीत लावा. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर जोमदार एक ठेवा. रोप दोन-तीन फूट झालं की पुढच्या जूनमध्ये, जिथे रोज कोणाचं तरी जाणं-येणं आहे अशा सोसायटीच्या किंवा शाळेच्या आवारात, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात लावा. पुढचे दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी कोण घालणार, त्याचं नाव खड्डा खणण्याआधी ठरवा.