मुलालाही तीच लस

ग्लासगोत माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या शाळेतून संमतीचा कागद आला. एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरची लस, वर्गातल्या सगळ्या मुलामुलींना. सही करून मी तो दप्तरात ठेवला. त्याच आठवड्यात बार्शीहून वहिनीचा फोन. भाचीला डॉक्टरांनी हीच लस सुचवली होती आणि घरात वाद पेटला होता. "एवढ्याशा पोरीला ही लस कशाला?" हा दादाचा प्रश्न. आई म्हणाली, आपल्या घरात तसलं काही नसतं.

सगळं त्या 'तसलं'मध्येच अडकलंय. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस म्हणजे जणू मुलीवरचा संशयच! पण लागण होण्याआधी दिली तरच लसीचा पुरता उपयोग होतो, म्हणून तर ती या वयात. स्कॉटलंडमध्ये २००८पासून मुलींना देतात. २०२४मध्ये जाहीर झालेल्या इथल्या अभ्यासात, बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या एकीलाही हा कॅन्सर झालेला आढळला नाही. २०१९पासून मुलगेही त्याच रांगेत आहेत. विषाणू त्यांच्याकडूनही पसरतो आणि घशाचा कॅन्सर त्यांनाही होतो. मुलगेही लस घेतात म्हटल्यावर मुलीच्या चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे?

संकोच इथेही आहे. या कॅन्सरच्या तपासणीची पत्रं घरपोच येऊनही कितीतरी बायका जात नाहीत. आपल्या मराठी मैत्रिणीही त्यात आहेत.

मला टोचतं ते वेगळंच. १९९९मध्ये बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास सुरू झाला. एचपीव्हीची चाचणी एकदा जरी केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९मध्ये जगाला कळलं. स्कॉटलंडने तपासणीत हीच चाचणी आधी करायला सुरुवात केली ती २०२०मध्ये. लस तर पुण्यातही बनते, तीही मुलगे-मुली दोघांसाठी. आणि त्याच भागातली माझी मावशी पांढरं जाणं वर्षानुवर्षं अंगावर काढत राहिली. दवाखान्यात नेली तेव्हा उपाय उरला नव्हता.

दादाला मी मावशीचीच आठवण दिली. म्हटलं, लेकीला दे आणि लेकालाही दे. तो बराच वेळ गप्प होता. मग फोन वहिनीकडे गेला आणि तिने हळूच विचारलं, "ताई, माझं वय गेलं का हो?"

ती अडतीस वर्षांची आहे. म्हटलं, तपासणीचं वय तिशीपासून सुरू होतं. सोमवारी जा, आईलाही सांगून जा.