भाच्याच्या गॅरेजमधलं मशीन आणि ‘घरच्या घरी पाच उपाय’

शनिवारी रात्री साडेनऊला न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. “मामा, बारबेक्यूचा प्रोपेनचा सिलिंडर पडलाय गॅरेजमध्ये. मशीनमध्ये तोच भरू का?”

जेवण तसंच राहिलं.

मशीन म्हणजे त्यानं हौसेनं घेतलेलं बाटल्यांचं जुनं कोकचं मशीन. कॅन्सस सिटीच्या व्हेंडो कंपनीचं, १९५० च्या दशकातलं ‘८१’ मॉडेल. नऊ रांगा, रांगेत नऊ बाटल्या, म्हणून ८१. नाणं टाकायचं, अरुंद दार उघडायचं आणि बाटली मानेला धरून ओढायची. तक्रार अशी, की खालच्या बाटल्या गोठतात आणि वरच्या कोमट राहतात. हे त्यानं नात्यातल्या ग्रुपवर टाकलं आणि तासाभरात कुणीतरी तो मेसेज चिकटवला: ‘जुना फ्रिज, कोल्ड्रिंकचं मशीन थंड करत नाही? मेकॅनिकला हजारो रुपये देऊ नका, घरच्या घरी ५ उपाय!’ खाली नेहमीचं ‘जनहितार्थ पुढे पाठवा’. तीस वर्षं फ्रिज आणि बॉटल कूलर उघडण्यात गेली माझी, पण एका मेसेजमध्ये इतकं चुकीचं एकत्र क्वचितच पाहिलं.

पहिला मुद्दा: ‘थंड होत नाही म्हणजे गॅस संपला. दर दोन वर्षांनी भरावाच लागतो.’ अहो, गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल आहे का, जळून संपायला? बंद नळ्यांत तोच गॅस कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी), कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी), इव्हॅपोरेटर (आत थंडावा देणारी नळ्यांची वळणं) असा फिरत राहतो. ही मशीनं तर कारखान्यातच सील होऊन यायची. गॅस कमी झालाच तर तो कुठून तरी गळलाय. ते भोक न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. भाच्याला एवढंच विचारलं, “गॅस संपलाय, तर खालच्या बाटल्या गोठवतंय कोण?” थोडा वेळ पलीकडून आवाजच नाही.

गॅस खरंच कमी आहे का, हे बर्फ सांगतो. इव्हॅपोरेटरच्या पहिल्या एक-दोन वळणांवरच बर्फ आणि पुढची नळी कोरडी, तर शंका घ्यायला जागा आहे. सगळ्या इव्हॅपोरेटरवर जाड थर साचलाय आणि वरचा कप्पा गरम, तर गॅस ठीक आहे, हवा फिरत नाहीये. मग आतला पंखा बघायचा. दाराचं रबर दबलंय का, खालच्या कंडेन्सरवर सत्तर वर्षांची धूळ आहे का, हे बघायचं. गेजला, म्हणजे गॅसचा दाब मोजायच्या घड्याळाला, हात त्यानंतर. आमच्या धंद्यातही काही लोक आल्याआल्या गेज लावून ‘गॅस गेलाय’ म्हणतात. या मेसेजला बळ मिळतं ते त्यांच्यामुळे, हे मान्य करायलाच हवं.

दुसरा मुद्दा, ‘जुना गॅस हवेत सोडून द्या.’ या मशीनमध्ये आर-१२ असतो, म्हणजे सीएफसी, क्लोरीन-फ्लोरिनवाला गॅस. मागच्या पाटीवर गॅसचं नाव आणि औंसांत वजन लिहिलेलं असतं. हा गॅस ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९६ पासून बंद आहे. तो मुद्दाम हवेत सोडणं तिथे १ जुलै १९९२ पासून कायद्यानं गुन्हा आहे. गॅसच्या कामाला हात लावायला प्रमाणपत्र लागतं. यावर आणखी काय बोलायचं.

आता तिसरा, ज्याच्यामुळे माझं जेवण राहिलं: ‘घरचा सिलिंडर चालतो, कारण नव्या फ्रिजमध्ये तोच गॅस असतो.’

यात अर्धं खरं आहे, आणि घात त्यानंच होतो. आपल्याकडच्या नव्या फ्रिजच्या पाटीवर आर-६००ए दिसतं, ते आयसोब्युटेन. आर-२९० म्हणजे प्रोपेन. दोन्ही उत्तम थंड करतात, दोन्ही पेटतात. पण त्या फ्रिजची रचनाच पेटणारा गॅस धरून केलेली असते. गॅस मोजून मोजका, आणि गळाला तर ठिणगी भेटू नये अशी स्विचांची मांडणी.

या मशीनमध्ये काय आहे? थर्मोस्टॅटचे उघडे पॉइंट, कॉम्प्रेसरचा रिले (त्याची मोटर सुरू करून देणारा स्विच). प्रत्येक जण दिवसातून कितीदा तरी बारीक ठिणगी मारतो. आर-१२ पेटत नाही, त्यामुळे १९५५ साली याची कुणाला फिकीर नव्हती. आता हिशोब करा. हवेत प्रोपेन साधारण २.१ टक्के झाला की ठिणगीनं पेटतो. आतली पोकळी ४०० लिटर धरली तर साडेआठ लिटर वायू पुरे, म्हणजे वजनात १५-१६ ग्रॅम. चहाच्या चार चमच्यांइतकी साखर! शिवाय प्रोपेन हवेपेक्षा जड. दाराच्या फटीतून निघाला तरी जमिनीलगत साचणार, आणि कॉम्प्रेसर-रिले बसलेत तळाशीच. गॅरेज बंद, शेजारी गाडी, वरच्या मजल्यावर मुलं झोपलेली.

बरं, हे मामाचं म्हणणं म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, १० एप्रिल २०१५ ला नियम प्रसिद्ध केला आणि व्हेंडिंग मशीनमध्ये प्रोपेन व आयसोब्युटेनला परवानगी दिली. मेसेजवाल्यांनी बहुधा एवढंच ऐकलं असावं. पुढच्या अटी अशा: फक्त नव्या, त्याच गॅससाठी बनवलेल्या मशीनमध्ये, जास्तीत जास्त १५० ग्रॅम, नळ्यांवर लाल खूण आणि धोक्याच्या पाट्या. जुन्या मशीनमधला गॅस काढून हा भरायला परवानगी नाही. एक तर यातलं काही पाळायचं नाही आणि वर ‘सरकारमान्य’ म्हणायचं!

सुरक्षेचं सोडा, नुसती मेकॅनिकी बघा. ४० अंशांना आर-१२ चा दाब साडेनऊ बारच्या आसपास असतो, प्रोपेनचा साडेतेराच्या वर. सत्तर वर्षांच्या कॉम्प्रेसरवर हा ताण. द्रवरूप प्रोपेन आर-१२ च्या निम्म्याहूनही हलका, तेव्हा पाटीवर दहा औंस आहे म्हणून दहा औंस भरणारा अडीचपट भरतो. आणि सिलिंडरमधला माल कोरडा, शुद्ध नसतो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण, वर वासासाठी मर्कॅप्टन. ओलावा आत गेला की कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ धरून ती तुंबते.

चौथा मुद्दा थर्मोस्टॅट शेवटच्या नंबरवर ठेवण्याचा, ‘लवकर थंड होतं’ म्हणून. थर्मोस्टॅट म्हणजे गाडीचा अॅक्सिलरेटर नव्हे. ठरल्या अंशाला तो कॉम्प्रेसर बंद करतो, बास. ८१ गरम बाटल्या म्हणजे पंधरा किलोच्या वर नुसतं पेय, काचेचं वजन वेगळं. रात्रभर वाट बघावीच लागते. शेवटच्या नंबरवर ठेवून काचेच्या बाटल्या फोडून घ्यायच्या असतील तर घ्या.

पाचवा म्हणे, कॉम्प्रेसर जाम असेल तर ‘रिले काढून डायरेक्ट द्या’. रिले आणि ओव्हरलोड (मोटर फार तापली की वीज तोडणारा स्विच) तिथे शोभेला बसवलेत का? स्टार्ट वाइंडिंग, म्हणजे मोटर सुरू करून देणारं तारेचं वेटोळं, काही सेकंदांपुरतं असतं, चालू ठेवलं तर जळतं. अनुभवी मेकॅनिक टेस्ट कॉर्डनं (चाचणीच्या वायरनं) क्षणभर चालवून बघतो, हे खरं. तो मोजून, हात स्विचवर ठेवून बघतो. ग्रुपवर वाचून हे करायचं नसतं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर भाच्यानं मशीन उघडलं. प्लग आधी काढायला लावला. इव्हॅपोरेटर पांढऱ्या बर्फाचा ठोकळा, म्हणजे गॅस जागेवर. पंख्याचं पातं बोटानं फिरवलं तर जेमतेम अर्धा वळसा घेऊन थांबलं. मोटरचं बेअरिंग सुकलंय. दार उघडं ठेवून बर्फ आपोआप वितळू दे म्हटलं, सुरी लावू नकोस. सुरीचं टोक नळीत गेलं की मग मात्र गॅस खरंच संपतो.

मोटर त्यानं मागवली आहे. पण बोलता बोलता मला वायर दिसली: जुनी, वरचं रबर तडकलेलं, दोन पिनांची, अर्थिंग नाहीच. पत्र्याचं एवढं धूड, ओल्या फरशीवर, आणि अर्थिंगशिवाय! मेसेजच्या पाच उपायांत याचा उल्लेखही नव्हता. मोटर आली तरी तीन पिनांची वायर टाकून अर्थिंग बॉडीला जोडल्याशिवाय प्लग लावायचा नाही, असं त्याला सांगितलंय. आणि सिलिंडर गॅरेजमधून बाहेर, अंगणात.