इस्टेटीचा प्रश्न

"आता आपण इस्टेट घ्यायला हवी," असे मी एका रात्री जेवताना जाहीर केले, तेव्हा अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या पत्नीकडे आणि शेवटी दोन्ही नातवंडांकडे आळीपाळीने पाहिले आणि अत्यंत शांत स्वरात विचारले, "माझ्या डोळ्यांदेखत?" इस्टेट हा मोटारीचाही एक प्रकार असतो, तिचे छप्पर मागच्या टोकापर्यंत सरळ जाते आणि त्याखाली भली मोठी डिकी असते, हे त्यांना समजावून देईपर्यंत सगळ्यांची जेवणे निवली. इंग्रजांची ही इस्टेट अमेरिकेत स्टेशन वॅगन होते, फ्रेंच लोक तिला चक्क ब्रेक म्हणतात आणि जर्मन लोक कोंबी. यांपैकी कोंबी हे नाव आमच्या घराने एकमताने स्वीकारले. मुळात ते एका लांबलचक जर्मन शब्दाचे लघुरूप आहे हे मी सांगून पाहिले, परंतु जिच्यात सामान कोंबायचे ती कोंबी, ही व्युत्पत्ती सर्वांना इतकी पटली होती की माझे कोणी ऐकले नाही.

कोंबी विजेची हवी आणि एका चार्जिंगमध्ये लांबवर जाणारी हवी, हा माझा हट्ट होता. उंच, धिप्पाड एसयूव्हीचा पर्याय मी पहिल्याच दिवशी बाद केला, कारण गाडी जेवढी उंच तेवढी तिला हवा अधिक कापावी लागते आणि त्या कापाकापीचे बिल बॅटरी भरते. त्यानंतर एखादा शहाणा माणूस दोन गाड्या चालवून पाहून मोकळा झाला असता. मी एक्सेलमध्ये तक्ता उघडला. पहिल्या आठवड्यात त्याला सहा रकाने होते आणि तिसऱ्या महिन्यात सतरा. किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांतला फरक मी घरी इतक्या वेळा समजावला की, "पहिला म्हणजे नळाची धार आणि दुसरा म्हणजे बादलीतले पाणी," हे वाक्य धाकटा चिरंजीव झोपेत बोलू लागला. किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे युनिटच आणि एका गाडीच्या बॅटरीत अशी ८६ मावतात, हे कळल्यावर अण्णांनी मात्र विषयात प्रथमच रस घेतला. "८६ युनिट एका वेळेला?" असे म्हणून ते उठले आणि व्हरांड्यातला दिवा मालवून आले.

तक्त्यातला सर्वांत लाडका रकाना अर्थातच पल्ल्याचा होता. फोक्सवॅगनची आयडी.७ टूरर ८६ युनिटांच्या मोठ्या बॅटरीसह सुमारे ६९० किलोमीटर जाते, ऑडीची ए६ अवांत ई-ट्रॉन ७२० पर्यंत जाते आणि मर्सिडीजची विजेवरची सीएलए शूटिंग ब्रेक तर ७६१ पर्यंत जाते, असे कंपन्या सांगतात. हे आकडे खोटे नसतात. ते फक्त अशा जगातले असतात जिथे तुम्ही-आम्ही राहत नाही. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी या पल्ला मोजण्याच्या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. ती प्रयोगशाळेत फिरत्या रोलरांवर उभी असते, बाहेर २३ अंशांचे आल्हाददायक तापमान असते आणि सुमारे २३ किलोमीटरचे अंतर अर्ध्या तासात, ताशी सरासरी ४६ किलोमीटरच्या संथ गतीने पार पाडले जाते. त्या गाडीत "खिडकी लाव" आणि "खिडकी उघड" असे एकाच वेळी सांगणारे दोन प्रवासी नसतात.

खरा हिशेब मी एका रविवारी मांडला आणि तो रविवार मला पुढे बरेच दिवस पुरला. वेग १०० वरून १३० वर नेला की हवेचा विरोध जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यात थंडी असली तर बॅटरी आखडते आणि हीटरही वीज खातो. जलद चार्जिंगचा वेग ८० टक्क्यांनंतर चांगलाच मंदावतो, म्हणून लांबच्या प्रवासात माणसे १० ते ८० टक्के एवढाच भाग वापरतात. म्हणजे ८६ युनिटांपैकी हाती राहतात साधारण ६०. महामार्गावर, थंडीत, शंभर किलोमीटरला २५ युनिटे धरली तर दोन थांब्यांमधले अंतर येते २४० किलोमीटर. मी भागाकार तीन वेळा तपासला. मग संगणक बंद करून काही वेळ अंधारात बसलो.

"काय झाले?" पत्नीने दारातून विचारले.

"६९० चे २४० झाले."

"पण २४० किलोमीटर आपण न थांबता कधी गेलो आहोत?"

हा प्रश्न मला सतराही रकान्यांत सुचला नव्हता. त्यानंतरच्या दोन प्रवासांत, आमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीत बसून, मी वही-पेन्सिल घेऊन कुटुंबाची रीतसर चाचणी घेतली. अण्णांचा पल्ला ९० मिनिटांचा निघाला आणि बॅटरीप्रमाणेच तोही थंडीत घटतो असे आढळले. कन्येला वळणावळणांच्या रस्त्यावर चाळीस मिनिटांत मळमळते. मोती नावाचा आमचा कुत्रा दुसरा कुत्रा दिसेपर्यंत कितीही वेळ शांत बसतो, म्हणजे व्यवहारात बसतच नाही. चिरंजीवाला भूक केव्हा लागेल याचे कोणतेही सूत्र बसवता आले नाही. सलग प्रवासाचा आमचा विक्रम १ तास ५० मिनिटांचा ठरला, आणि तोही सगळे झोपले होते आणि कोणी जागे होऊ नये म्हणून मी खड्डे चुकवत श्वास रोखून गाडी चालवत होतो म्हणून. किलोमीटरांत मोजले तर आमच्या कुटुंबाचा अधिकृत पल्ला दीडशेच्या आसपास भरतो. तीन महिने मी ६९० आणि ७२० यांमधल्या तीस किलोमीटरांसाठी झोप उडवून घेत होतो.

थांब्यांचा कालावधीही मी नोंदवला होता. ए६ अवांतची बॅटरी योग्य चार्जरवर १० वरून ८० टक्क्यांवर २१ मिनिटांत जाते; आम्ही पाच माणसे आणि एक कुत्रा उतरून, पांगून, एकमेकांना शोधून पुन्हा गाडीत बसायला ४० मिनिटे घेतो. याचा अर्थ गाडी आमच्यासाठी खोळंबणार. शिवाय चार्जिंग संपल्यावरही गाडी खांबापाशी अडवून ठेवली तर अनेक ठिकाणी जादा आकार पडतो, त्यामुळे अर्धा कप चहा टाकून कोणा एकाला गाडी हलवायला धावावे लागणार आणि तो एक कोण, यावर घरात चर्चाही झाली नाही.

तेव्हा पल्ल्याचा रकाना मागे पडून डिकीचा पुढे आला. डिकीचे लिटर मोजण्याची पद्धत मी वाचली आणि मला मानवजातीविषयी आदर वाटू लागला: २०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि ५० जाड अशा, बरोबर एक लिटरच्या विटा घेऊन माणसे डिकीच्या कानाकोपऱ्यांत रचतात आणि मग मोजतात. आयडी.७ टूररमध्ये अशा ६०५ विटा मावतात, बीएमडब्ल्यूच्या आय५ टूरिंगमध्ये ५७० आणि ए६ अवांतमध्ये ५०२. आमचे सामान मात्र विटांच्या आकाराचे नाही. अण्णांची घडीची खुर्ची मिटली तरी एक पाय बाहेर काढून बसते आणि मोतीचा आकार त्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असतो.

म्हणून एका शनिवारी आम्ही सारे सामान घेऊनच एका शोरूममध्ये गेलो. चार बॅगा, खुर्ची, चिरंजीवाची क्रिकेटची किट आणि मोती हे सर्व क्रमाने आत जाताना तिथल्या विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचे हसू किंचितही हलले नाही, ही त्याच्या प्रशिक्षणाची कमाल. पाऊण तासाने डिकीचे दार लागले. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या. तेवढ्यात इतका वेळ एका कोपऱ्यात बसलेल्या अण्णांनी विचारले, "चार्जिंगची वायर कुठे असते?"

"तिच्यासाठी खास कप्पा आहे, आजोबा," विक्रेता उत्साहाने म्हणाला. "डिकीच्या तळाखाली!"

कोणीच काही बोलले नाही. महामार्गावरच्या जलद चार्जरला स्वतःची वायर असते. पण गावात कुठे साध्या खांबावर गाडी लावायची म्हटले की वायर आपली, म्हणजे आधी कुत्रा उतरवा, मग चार बॅगा, मग किट, मग खुर्ची, मग तळ उचला. मी मनातल्या मनात तक्ता उघडला. ए६ अवांतला पुढच्या झाकणाखाली २७ लिटरांची छोटी डिकी आहे आणि सीएलएला तर १०१ लिटरांची. पण सीएलएची मागची डिकी ४५५ लिटरांची आहे आणि तिच्यात मोती आणि खुर्ची यांपैकी एकालाच नेता येईल.

"वायर पिशवीत घालून माझ्या पायाशी ठेवा," अण्णा म्हणाले. "तसाही मी दर दीड तासाने उतरणारच आहे. उतरताना देईन काढून."

घरी आल्यावर मी तक्त्यात अठरावा रकाना आखला आणि त्याला शीर्षक दिले: मागच्या आसनावर अण्णांच्या पायांना मिळणारी जागा.