रोमवरील मोर्चा आणि मुसोलिनीची हुकूमशाही : एक खुलासा

‘१९२२ मध्ये रोमवर मोर्चा नेऊन मुसोलिनी एका रात्रीत हुकूमशहा झाला’ हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. मुसोलिनीच्या फॅसिस्ट अनुयायांचा हा मोर्चा रोखण्यासाठी इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान फाक्ता यांनी पुढे केलेल्या लष्करी कायद्याच्या (मार्शल लॉ) आदेशावर राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने सही नाकारली आणि मिलानमध्ये थांबलेल्या मुसोलिनीला सरकार बनवण्यासाठी बोलावले. तो रोमला आला तोही रेल्वेने! त्याचे पहिले मंत्रिमंडळ संमिश्र होते. समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांच्या फॅसिस्टांनी १९२४ मध्ये केलेल्या खुनानंतर, घडलेल्या सर्व प्रकाराची जबाबदारी त्याने ३ जानेवारी १९२५ रोजी संसदेत उघडपणे स्वीकारली, तरीही राजाने त्याला हटवले नाही. माझ्या मते निर्णायक क्षण तोच. विरोधी पक्ष विसर्जित झाले ते नोव्हेंबर १९२६ मध्ये.